रेलिगेट व्हायलाही क्लब लागतो!

सोमवारी सकाळी वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही काचेच्या बिल्डिंगमध्ये शिरा. लिफ्टमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत, खालच्या चहाच्या टपरीवर विषय एकच... वीकएन्डला आर्सेनलचं काय झालं? पॉइंट्स, गोल डिफरन्स, सगळं तोंडपाठ. काही किडे तर इंग्लंडच्या तिसऱ्या डिव्हिजनचाही तक्ता फॉलो करतात. आता यांनाच विचारा, आपल्या मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या रेलिगेट झालेल्या एका तरी क्लबचं नाव सांगा. शांतता!

मुंबई एफसी. एस्सेल ग्रुपने २००७ मध्ये काढलेला क्लब. २००८ ला आय-लीगचं सेकंड डिव्हिजन जिंकून वर आला. खालिद जमील आधी इथे खेळला आणि २००९ पासून कोच झाला. बजेट तुटपुंजं, तक्त्यात जागा बहुतेक वेळा खालच्या निम्म्यात, पण सात वर्षं त्याने टीमला रेलिगेट होऊ दिलं नाही. २०१६ मध्ये तो बाहेर पडला आणि थेट मिझोरामच्या ऐझॉलला गेला. ऐझॉल स्वतःच आदल्या सीझनला रेलिगेट झाली होती. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून तिला परत घेतलं होतं. पुढचा सीन फिल्मी आहे. २०१६-१७ च्या तक्त्यात सगळ्यात वर ऐझॉल, सगळ्यात खाली मुंबई एफसी! त्याच वर्षी मुंबई एफसीने गाशा गुंडाळला. खालिद २०२५ मध्ये भारताचा कोच झाला.

तरी मी म्हणेन, मुंबई एफसी निदान मैदानावर हरून गेली. आपल्याकडच्या बाकीच्या क्लबांच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

महिंद्र युनायटेडच घ्या. १९६२ साली कंपनीची टीम म्हणून सुरुवात. (योगायोग बघा, एमआयडीसीची स्थापनाही १९६२ चीच आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत.) फेडरेशन कप दोनदा, ड्युरँड तीनदा, २००५-०६ ला तर चक्क नॅशनल लीग. मुंबईचा क्लब भारताचा चॅम्पियन! आणि २०१० मध्ये बंद. रेलिगेट होऊन नव्हे. शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यायचंय, असं कंपनीने ठरवलं आणि विषय संपला. मग २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी क्लब लायसन्सिंगच्या निकषांत बसत नाहीत म्हणून आय-लीगबाहेर. पुण्यातही तेच. पुणे एफसी २०१२-१३ ला दुसऱ्या नंबरवर होती आणि २०१५ नंतर गायब. भारत एफसी तर जेमतेम एक सीझन खेळली.

थोडक्यात काय, तक्त्यात कितवे आहात याला फारसा अर्थच नाही. क्लब जगणार की मरणार, हे ठरतं बोर्डरूममध्ये.

कंपनीच्या टीमला नावं ठेवायचा हेतू नाही हं. स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी, प्रॅक्टिससाठी सुट्टी, रिटायरमेंटनंतर पेन्शन... चाळीत वाढलेल्या कितीतरी फॉरवर्ड-डिफेंडर्सची घरं यावर उभी राहिली. प्रॉब्लेम एवढाच, की ही टीम कुठल्याच गल्लीची नव्हती. ती बंद झाली तेव्हा कूपरेजबाहेर कुणी रस्ता अडवला नाही.

लंडनच्या विम्बल्डनवाल्यांनी काय केलं? २००२ मध्ये मालकांना क्लब उचलून मिल्टन कीन्सला न्यायची परवानगी मिळाली. चाहत्यांनी त्याच वर्षी नवा क्लब काढला, थेट नवव्या पायरीवर. २०११ ला तो पुन्हा फुटबॉल लीगमध्ये!

अशी मंडळी आपल्याकडे नाहीत असं कोण म्हणतं? कोल्हापूरला जा. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार. हे क्लब पेठांचे आहेत, कुस्तीच्या तालमींतून आलेले. केएसएच्या लीगमध्ये टीम खालच्या गटात घसरली, तर पेठेतल्या घराघरात सुतक. राडेही होतात, ते झाकून कशाला ठेवायचं? पण तिथला क्लब एका प्रेस रिलीजने बंद करून दाखवा बरं!

आपल्या बाजूलाही थोडी धुगधुगी आहे. २०२१-२२ मध्ये केंकरे एफसी आय-लीगपर्यंत पोचली, पुढच्या सीझनला रेलिगेट झाली. त्याच २०२२-२३ ला सेकंड डिव्हिजनमध्ये अंबरनाथ युनायटेड अटलांटा होती. अंबरनाथ! म्हणजे वागळेतल्या निम्म्या जनतेच्या परतीच्या लोकलचा रूट. त्यातल्या किती जणांना हे ठाऊक होतं? रात्री टर्फवर तासाचे पैसे मोजून, पाठीवर सालाहचं नाव लावून आपण घाम गाळतो, तेव्हा हा प्रश्न एकमेकांना विचारायला हरकत नाही.