१४७२

बंगळुरूत आउटर रिंग रोडवरच्या ऑफिसात नेटवर्कचं काम धरलं, तेव्हा एक गोष्ट पहिल्याच महिन्यात कळली. काहीही अडलं की तिकिटात वाक्य ठरलेलं: 'फायरवॉल ब्लॉक करतोय.' त्या रात्रीही तेच. महिनाअखेर, पुण्याच्या डेटाबेसवरून रिपोर्ट येईना, आणि फोनवर पुण्याचा मित्र हट्टाला पेटलेला. "अरे, तात्पुरतं एनी-एनी करून टाक ना!" म्हणजे कुठूनही, कुठेही, काहीही जाऊ दे. असली 'तात्पुरती' कामं मी वर्षानुवर्षं तशीच राहिलेली पाहिली आहेत.

शेजारी बसलेले आमचे कन्नड सीनियर मान वर न करता म्हणाले, "मोदलु पिंग माडि नोडि." आधी पिंग करून बघा.

पिंग गेलं. माइक मूस यांनी १९८३ साली लिहिलेला हा छोटासा प्रोग्रॅम; नाव सोनारच्या आवाजावरून. उत्तर आलं म्हणजे रस्ता आहे, बस. मग डेटाबेसचं पोर्ट, ५४३२. तेही लगेच उघडलं. फायरवॉल तिथे पॅकेट गिळत असता, तर कर्सर लुकलुकत राहून शेवटी 'टाइमआउट' आला असता. तडक 'रिफ्यूज्ड' आलं असतं, तर बहुतेक वेळा अर्थ असा की मशीनपर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. इथे दोन्ही नाही. लॉगिन होतंय, दहा ओळींचा रिपोर्ट येतोय, मोठा मागितला की ढिम्म.

दोन्हीकडे टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं टूल, लावलं. पुण्याचा सर्व्हर एकच भलंमोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत होता. आमच्याकडे त्याचा पत्ताच नाही. मित्राला म्हटलं, तुझ्या सर्व्हरवरून पिंग कर, पण तुकडे करायला मनाई करून, १४७२ बाइटचं. त्यात २८ बाइटची हेडरं मिळवली की इथरनेटचे १५०० पूर्ण होतात. उत्तर नाही. १४००? नाही. १३७२ म्हटल्यावर टकाटक उत्तरं.

मधला व्हीपीएनचा बोगदा स्वतःचं वेष्टण घालतो, तेवढी जागा कमी पडते. अशा वेळी गेटवे 'पॅकेट मोठं आहे' असा निरोप आयसीएमपीने, म्हणजे पिंग ज्यावर चालतं त्याच प्रोटोकॉलने, सर्व्हरला उलट पाठवतो, आणि सर्व्हर पुढची पॅकेटं लहान करतो. कोणीतरी कधीकाळी सुरक्षेच्या नावाखाली पुण्याच्या फायरवॉलवर पिंग सोडून बाकी सगळं आयसीएमपी बंद केलं होतं. निरोप दारातच अडत होता.

म्हणजे दोष फायरवॉलचाच निघाला. मित्राने ते मला दोनदा ऐकवलंही. पण उघडायचं होतं ते पोर्ट नव्हे, एवढा एकच निरोप. त्याने एक ओळ घातली, रिपोर्ट धो-धो यायला लागला. मी चेंज रिक्वेस्टमधलं 'एनी-एनी' खोडलं आणि शेजारी बघितलं. सीनियरची कॅब केव्हाच गेली होती.