कॅडिलॅकच्या पोटी ब्यूकचा गिअर

डोळे मिटून मोटारीचा ऑटोमॅटिक गिअर ओळखता येतो काय? जुन्या अमेरिकन गाड्यांपुरते तरी येते. कान मात्र तयार हवा. 1940 च्या मॉडेलपासून ओल्ड्समोबाइलमध्ये बसू लागलेल्या हायड्रामॅटिकला पुढे जाण्याचे चार गिअर. क्लचचे पेडल नाही, पण वेग वाढताना तीन खटके जाणवतातच. ब्यूकने 1948 मध्ये आणलेल्या डायनाफ्लोची चाल निराळी. ड्राइव्हमध्ये तो गिअर बदलतच नाही. तेलाच्या जोरावर मींडेसारखा सरकत जातो. गवयाच्या घरात वाढलेल्या मला मींडच प्रिय. परंतु ती पेट्रोल फार पिई, हेही सांगितले पाहिजे!

आता गंमत पाहा. 12 ऑगस्ट 1953 रोजी मिशिगनमधील लिव्होनियाचा हायड्रामॅटिक कारखाना जळाला. गाड्या तर बाहेर पडायलाच हव्या होत्या. म्हणून त्या सालच्या कित्येक कॅडिलॅक व ओल्ड्समोबाइल गाड्यांत डायनाफ्लो बसला, तर पाँटिॲकमध्ये शेव्हरोलेटचा पॉवरग्लाइड. तेव्हा 1953 च्या कॅडिलॅकने खटका दिला नाही, तर मागाहून कोणी गिअरबॉक्स बदलला असा आळ लगेच घेऊ नये.

शंका उरल्यास स्टिअरिंगखालच्या दांडीची अक्षरे वाचावीत. डायनाफ्लोला पार्कची खूण असते, त्या काळच्या हायड्रामॅटिकला नसते. तेथे इंजिन बंद करून दांडी रिव्हर्सला टाकली, तरच चाके जखडतात. हे न ओळखता न्यूट्रलवर सोडून उतरलेल्याची गाडी उतारावर त्याची वाट पाहत थांबत नाही.