दहा मिनिटांची वही

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात शंभरपानी वह्यांचा एक गठ्ठा आहे. शाळकरी मुलं वापरतात तशाच साध्या, एकरेघी वह्या. त्यातलं एक पानही कुठं छापून आलेलं नाही, येणारही नाही. पण या वह्या नसत्या तर माझी कविता केव्हाच थांबली असती.

बी.ए. झालो त्या सुमारास माझ्या कविता छापून येऊ लागल्या. एका कार्यक्रमानंतर एक वडीलधारे गृहस्थ मनापासून म्हणाले, ‘तुम्ही मुसलमान असून तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’ त्यांनी कौतुकच केलं होतं. पण त्या दिवसापासून माझ्या मनाच्या दारावर एक पहारेकरी येऊन बसला. पेन उचललं की तो विचारायचा, ‘हा शब्द शुद्ध आहे ना? लोक काय म्हणतील?’ आमच्या घरात दखनी बोलली जाते. रागाचे, लाडाचे, चुलीजवळचे माझे सारे शब्द त्या बोलीतले. पहारेकरी त्यांना बाहेरच थांबवायचा. ओळी निर्दोष होत गेल्या आणि कोरड्याही.

अम्मा गेली तेव्हा तिच्यावर चार ओळी लिहायला बसलो. पान कोरंच राहिलं. ती ज्या बोलीत मला हाक मारायची, ती बोलीच मी कधी कागदाला दाखवली नव्हती. पुढं दोन वर्षं एकही कविता झाली नाही.

त्या काळात एका ग्रंथपाल मित्रानं पीटर एल्बो या अमेरिकी प्राध्यापकाचं ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ हे १९७३ सालचं पुस्तक हाती दिलं. त्यातला उपाय अगदी साधा. ठरावीक वेळ, समजा दहा मिनिटं, न थांबता लिहायचं. खोडायचं नाही, मागं वळून वाचायचं नाही, शुद्धलेखनाकडं पाहायचं नाही. काही सुचेना तर ‘काही सुचत नाही’ हेच लिहीत राहायचं. ही कल्पना त्याआधीचीही आहे. डोरोथिया ब्रँड यांनी १९३४ सालीच सांगितलं होतं, की सकाळी उठल्याबरोबर, कुणाशी बोलण्याआधी, वर्तमानपत्र उघडण्याआधी लिहायला बसा. १९९२ साली ज्युलिया कॅमेरॉन यांनी रोज सकाळी हातानं तीन पानं लिहिण्याचा परिपाठ सांगितला.

या साऱ्यामागचं कारण एकच. लिहिणं आणि तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण ती एकाच वेळी करायला जातो. वाक्य अर्धं होतं न होतं तोच त्याच्यावर लाल शाई मारतो. मग वाक्यं यायलाच घाबरतात. हात थांबला नाही, तर पहारेकऱ्याला बोलायला उसंतच मिळत नाही.

मी फजरची नमाज झाली की दहा मिनिटांचा गजर लावून बसू लागलो. सुरुवातीला निव्वळ कचरा निघाला. वीजबिल, गुडघेदुखी, शेजाऱ्याची कुरकुर. मग एका पहाटे हात चालता चालता कागदावर उतरलं, ‘भुका नक्को जा रे!’ मी शाळेला निघालो की अम्मा दारातून हेच ओरडायची. मी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ रडलो.

नंतर लक्षात आलं, दखनीतला ‘नक्को’ म्हणजे मराठीतला ‘नको’च की! ‘अभीच’, ‘मैंच’ यांतला ‘च’सुद्धा मराठीकडूनच आलेला. ज्याला मी इतकी वर्षं दाराबाहेर उभं केलं होतं, तो तर घरातलाच निघाला.

अम्मावरची कविता पुढं झाली. ती काही त्या पहाटेच्या पानावर तयार मिळाली नाही. महिन्याभरानं वही उघडली, तीस पानांतून चार-पाच ओळी उचलल्या आणि मग आठवडाभर खाडाखोड केली. तेव्हा पहारेकऱ्याला मानानं आत बोलावलं. त्याचंही काम असतं, फक्त त्याची पाळी नंतरची. ‘नक्को’ मात्र मी त्याला खोडू दिला नाही.

असा पहारेकरी प्रत्येकाकडे असतो. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्यांना तो माझ्याइतकाच ओळखीचा असेल. घरातलं कुणी वाचेल म्हणून लिहिता लिहिता थांबणाऱ्या गृहिणीला आणि गुण जातील म्हणून धास्तावलेल्या विद्यार्थ्यालाही. त्यासाठी कवी व्हायची गरज नाही. एक स्वस्त वही घ्या, ती कुणाला दाखवू नका आणि वेळ मोडू नका. एखादा दिवस चुकलाच तर कारणं देत बसू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

आणि पहिलं वाक्य सुचलं नाही, तर खुशाल ‘काही सुचत नाही’ असं लिहा. माझ्या पहिल्या वहीची पहिली दोन पानं याच वाक्यानं भरलेली आहेत.