हृदय : कार्य, विकार आणि परीक्षा

छातीत दुखू लागले की आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या भागात पहिला शब्द निघतो तो ‘गॅस’. मग ओवा, हिंग, सोड्याचे पाणी हे घरगुती उपाय सुरू होतात. पुष्कळदा तो खरोखरच गॅस असतो आणि थोड्या वेळाने माणूस कामाला लागतो. परंतु काही वेळा ते दुखणे हृदयविकाराच्या झटक्याचे असते, आणि सोड्याचा गुण येण्याची वाट पाहण्यात जो तास-दीड तास जातो, त्याची किंमत रोग्याला उरलेल्या आयुष्यभर मोजावी लागते. कित्येकदा आयुष्यच उरत नाही. या दोन दुखण्यांतील भेद नुसत्या अंदाजाने कळत नाही, तपासणीने कळतो. ती तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही हे सुशिक्षित माणसाला ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने हा विषय येथे मांडला आहे.

हृदयाचे कार्य

हृदय म्हणजे आपल्याच मुठीएवढा, सुमारे तीनशे ग्रॅम वजनाचा स्नायूंचा पंप होय. त्यात चार कप्पे असतात. वरच्या दोहोंना अलिंद आणि खालच्या दोहोंना निलय म्हणतात. उजवी बाजू शरीरातून आलेले अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठविते, तर डावी बाजू फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त महारोहिणीवाटे सर्व शरीरभर ढकलते.

या पंपाचे काम आकड्यांत पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. विश्रांतीच्या वेळी डावे निलय एका ठोक्यात सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर मिनिटाचे ५ लिटर आणि दिवसाचे ७,००० लिटरांहून अधिक रक्त होते. दिवसाकाठी ठोके पडतात एक लाखाच्यावर. असाच हिशेब मांडून इंग्लंडच्या विल्यम हार्वे याने १६२८ साली दाखवून दिले की, इतके रक्त शरीर रोज नव्याने तयार करू शकणार नाही, अर्थात तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे. रक्ताभिसरणाचा शोध हा असा साध्या गुणाकारातूनही सिद्ध झालेला आहे.

श्रमाच्या वेळी हाच पंप चौपट काम करू शकतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या वेळी जाम नदीच्या पात्रात धावणाऱ्या तरुणाची नाडी दीडशेच्या घरात सहज जाते आणि थोडे बसल्यावर पुन्हा खाली येते. निरोगी हृदयाचे हे लक्षण आहे.

रक्त उलट दिशेने जाऊ नये म्हणून हृदयात चार झडपा असतात. छातीला कान लावला असता जे दोन आवाज ऐकू येतात, ते या झडपा मिटण्याचे. पहिला आवाज अलिंद व निलय यांमधील झडपांचा, दुसरा निलयातून निघणाऱ्या मोठ्या रोहिण्यांच्या झडपांचा. ठोका पडण्याची आज्ञा मात्र मेंदूकडून येत नाही. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागी पेशींचा एक लहानसा पुंज असतो, त्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह निघतो. तो अलिंदांतून खाली येतो, मधल्या गाठीपाशी क्षणभर थांबतो आणि मग निलयांत पसरतो. या थांबण्यामुळेच वरचे कप्पे आधी रिकामे होतात आणि खालचे नंतर आवळले जातात.

विकारांचे तीन मुख्य प्रकार

संत्र्याच्या बागेतले उदाहरण घेतले तर हृदयाचे विकार चटकन समजतात. विहिरीवरचा पंप बिघडण्याची कारणे तीन असू शकतात : पंपाची झडप नादुरुस्त होणे, पुढच्या नळांत दाब फार वाढून पंपावर ताण येणे, किंवा खुद्द पंपाचा वीजपुरवठा तुटणे.

पहिला प्रकार झडपांचा. आपल्या देशात संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले तरुण रोगी आजही आढळतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा विशिष्ट जंतूंमुळे दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन मोठे सांधे एकामागून एक सुजतात, आणि सांधे बरे झाले तरी झडपांवर व्रण राहून जातो. पुढे दहा-पंधरा वर्षांनी, कधी बाळंतपणाच्या वेळी, धाप लागू लागते. घसादुखीवर वेळीच पेनिसिलिन मिळाले तर हा सारा पुढचा प्रसंग टळतो. एकदा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. सांधे दुखत नाहीत म्हणून ते मध्येच सोडणे घातक आहे.

दुसरा प्रकार रक्तदाबाचा. हा दाब पुष्कळ वर्षे कोणतेही लक्षण न दाखविता वाढलेला राहू शकतो. त्याविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाचा स्नायू आधी जाड होतो आणि शेवटी थकतो. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर तो वाढलेला समजतात. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास चहा, विडी, खर्रा यांपैकी काही घेऊ नये आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा. धावतपळत येऊन मोजलेला दाब विश्वसनीय नसतो.

तिसरा प्रकार सर्वांत परिचित. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरविते, पण स्वतःच्या स्नायूसाठी त्याला महारोहिणीच्या मुळाशी निघणाऱ्या दोन हृद्‌रोहिण्यांवर अवलंबून राहावे लागते. धूम्रपान, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि आनुवंशिकता यांमुळे या रोहिण्यांच्या आतून चरबीचे थर जमतात. वाट अरुंद झाली की चालताना छाती आवळते आणि थांबले की बरे वाटते. एखादे दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट पूर्ण बंद होते. यालाच आपण झटका म्हणतो. ठिबकची एक नळी तुंबली तर त्या रांगेतलीच झाडे वाळतात, तसा त्या रोहिणीवर अवलंबून असलेला स्नायूच मरतो. मात्र झाड वाळायला दिवस लागतात, तर हा स्नायू अर्ध्या तासाच्या सुमारास मरू लागतो आणि सहा तासांत त्यातला बराचसा गेलेला असतो.

एक तपासणी, एक प्रश्न

‘सगळ्या तपासण्या नॉर्मल निघाल्या होत्या, तरी गेला’ असे उद्‌गार आपण ऐकतो. यात तपासणीचा दोष क्वचितच असतो. प्रत्येक तपासणी एकाच प्रश्नाचे उत्तर देते, आणि आपण तिच्याकडून सगळ्या प्रश्नांची उत्तरे मागतो.

सर्वांत जुनी परीक्षा नाडीची. ती गती आणि नियमितपणा सांगते. दुसरी स्टेथास्कोपची. फ्रान्सच्या लॅनेक याने १८१६ साली कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीवर टेकवून तिचा आरंभ केला. झडप गळत असेल वा अरुंद झाली असेल, तर तिची कुरबुर या साध्या साधनाने ऐकू येते.

तिसरी ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख. हॉलंडच्या आइंटहोवेनला तिच्याबद्दल १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या पहिल्या यंत्राचे वजन काही क्विंटल होते आणि रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. आज ते यंत्र पिशवीत मावते. त्याचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. दोन उंच टोकांमध्ये चार मोठे चौकोन असतील, तर ३०० भागिले ४ म्हणजे ७५ ठोके. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला एवढे सहज वाचता यावे. रोहिणी पूर्ण बंद पडली की आलेखाचा एक भाग बहुधा वर उचलला जातो, आणि तो पाहून उपचार त्याच क्षणी सुरू करता येतात. परंतु ईसीजी त्या काही सेकंदांचीच साक्ष देतो. दुखणे थांबल्यावर काढलेला स्वच्छ आलेख रोहिण्या स्वच्छ असल्याचा पुरावा नव्हे. दुखणे चालू असून पहिला आलेख ठीक दिसला, तरी थोड्या थोड्या वेळाने तो पुन्हा काढतात आणि रक्तातील ट्रोपोनिन तपासतात. स्नायूला इजा झाली की हे द्रव्य काही तासांत वाढते.

चौथी इको. ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाची हालचाल पाहण्याची ही रीत स्वीडनमध्ये १९५३ साली एड्लर आणि हर्ट्झ यांनी सुरू केली. झडपा कशा आहेत आणि पंप किती जोराने चालतो, हे ती सांगते. निलयात १२० मिलिलिटर रक्त असून त्यातले ७० बाहेर पडले तर प्रमाण ५८ टक्के, म्हणजे उत्तम. ते ४० च्या खाली गेले तर पंप दुर्बळ झाला. पण पंप जोरदार आहे म्हणून रोहिण्या मोकळ्याच आहेत, असे इकोवरून म्हणता येत नाही.

पाचवी चालत्या पट्ट्यावरची परीक्षा. श्रमाच्या वेळी रक्त कमी पडते काय, हा तिचा प्रश्न. सहावी अँजिओग्राफी. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी नेऊन रोहिण्यांत रंगद्रव्य सोडतात आणि क्ष-किरणांनी वाट कोठे अरुंद आहे ते पाहतात. आजची अरुंद जागा ती दाखविते, उद्या कोणता थर फुटेल हे तीही सांगू शकत नाही.

या सर्वांच्या आधी एक बिनखर्चाची परीक्षा असते, ती म्हणजे रोग्याने नीट सांगितलेली हकीकत. दुखणे कोठे, कधीपासून, चालताना वाढते काय, घाम आला काय, हात किंवा जबडा भरून येतो काय? स्त्रियांत, वृद्धांत व मधुमेही रोग्यांत छाती न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा गळून जाणे एवढेच लक्षण असू शकते, हेही ध्यानात असावे.

वेळ आणि अंतर

१९५६ साली विदर्भ वेगळ्या राज्यात गेला आणि आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. सीमा बदलल्या, तरी मोठ्या आजाराची वाट बहुधा नागपूरचीच राहिली. छिंदवाड्याला २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी सौंसरहून नागपूर साठ-सत्तर किलोमीटर आणि पांढुर्ण्याहून शंभराच्या आसपास आहे, हे अंतर कमी होणारे नाही. खेड्यातून गाडी मिळवून निघेपर्यंतचा वेळ निराळाच.

म्हणून आपल्याकडे पहिला प्रश्न ‘नागपूरला कोणत्या दवाखान्यात न्यावे’ हा नसून ‘सर्वांत जवळ ईसीजी कोठे निघतो’ हा असला पाहिजे. रोगी दवाखान्यात पोचल्यापासून दहा मिनिटांत आलेख निघावा, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. मोठ्या रुग्णालयात दोन तासांच्या आत रोहिणी उघडणे शक्य नसेल, तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन जवळच देऊन मग पुढे पाठविणे हिताचे असते. ते बारा तासांपर्यंत देतात, पण पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण सर्वांत अधिक. दुखणाऱ्या माणसाने दुचाकीवर बसून किंवा स्वतः गाडी चालवीत जाऊ नये. त्याला बसवावे, १०८ ला फोन करावा आणि निघतानाच पुढच्या दवाखान्याला कळवावे. माणूस निपचित पडला आणि श्वास थांबला, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. राष्ट्रीय सेवा योजना व छात्रसेनेतील प्रत्येक विद्यार्थ्याने हे शिकून घेण्याजोगे आहे.

हृदयरोगापासून कोणीही सुरक्षित नाही. शेकडो हृदयांवर शस्त्रक्रिया करणारे मुंबईचे डॉ. नितू मांडके २००३ साली हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले. तेव्हा ज्ञान असले म्हणजे रोग होत नाही, असा भ्रम नको. ज्ञानाने एवढेच साधते की, वेळ वाया जात नाही. खर्रा आणि विडी सोडणे, मीठ कमी करणे, रोज पायी चालणे, तिशीनंतर दरवर्षी रक्तदाब व साखर तपासणे हे ज्याच्या त्याच्या हाती आहे. विद्यार्थी मित्रांनी निदान आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचा रक्तदाब या महिन्यात मोजवून घ्यावा, आणि रात्री-अपरात्री जवळ कोठे ईसीजी निघतो याची चौकशी आजच करून तो फोन नंबर घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा.