गाण्याचा नमुना कंपनीला पाठवताना

हरिनाम सप्ताह संपला, काल्याचे कीर्तन झाले, की मंडपात कोणीतरी हमखास म्हणतो, "बुवा, तुमची कॅसेट निघायला पाहिजे!" कॅसेटचा जमाना गेला, पण ही इच्छा गेलेली नाही. आज गाणे मोबाईलवर ऐकले जाते आणि ध्वनिमुद्रण कंपनीकडे त्याचा नमुनाही बहुधा मोबाईलवरूनच जातो. तुमच्या घरात, तुमच्या भजनी मंडळात चांगला गळा असेल, तर तो नमुना नीट जावा.

बाजार समितीत व्यापारी पोते उघडून मूठभर दाणे तळहातावर घेतो, सगळे पोते ओतत बसत नाही. कंपनीत गाणी ऐकणाऱ्याचेही तसेच. त्याच्यापुढे रोज ढीग असतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात गळा कानी पडला नाही, तर तो पुढच्या गाण्याकडे वळतो. म्हणून दोन, फार तर तीन गाणी पाठवा, आणि सर्वांत चांगले पहिले ठेवा. पेटीवरचा लांबलचक तुकडा मंडपात शोभतो, नमुन्यात नको.

नमुन्यासाठी स्टुडिओत पैसे घालण्याची गरज नाही. ज्या खोलीत गोधड्यांची चवड आणि धान्याची पोती आहेत, ती खोली उत्तम, कारण तिथे आवाज घुमत नाही. पत्र्याची शेड आणि रिकामे समाजमंदिर टाळा. गाव शांत असते तेव्हा बसा, पंखा बंद करा. मोबाईल गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर, पखवाज पलीकडच्या कोपऱ्यात आणि टाळ त्याहून लांब. दहा टाळांच्या खणखणाटात बुवांचा गळा बुडतो, हे आपण दर एकादशीला ऐकतोच. आधी एक कडवे मुद्रित करून ऐकून पाहा. नंतर त्यावर यंत्राने घुमारा चढवू नका.

आपल्या मंडळांत एक खोड आहे, ती स्पष्टच सांगितलेली बरी. सिनेमाची गाजलेली चाल उचलायची आणि तीवर अभंग बसवायचा. देवळात कोणी हरकत घेत नाही, पण कंपनी असा माल हातात धरणार नाही. अभंग संतांचा असला, तरी चाल दुसऱ्याची आहे. स्वतःची चाल बांधा, किंवा परंपरेने चालत आलेली घ्या.

नमुन्यावर नाव हवेच. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाणे संपल्यावर त्यांनी आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगितले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या. तिथल्या कारागिरांना हे गाणे कोणाचे, ते कळावे म्हणून. आजही 'रेकॉर्डिंग एक' अशा नावाने आलेले गाणे कोणाचे म्हणून ओळखायचे? गायकाचे नाव, गाव, फोन, पद कोणी रचले आणि चाल कोणी बांधली, एवढे चार ओळींत लिहा.

पाठवण्याआधी कंपनी काय काढते ते पाहा. नुसती नाचाची गाणी काढणाऱ्याकडे भारूड पाठवून काय होणार? पुष्कळ मोठ्या कंपन्या अनोळखी माणसाचा नमुना घेतच नाहीत, त्यापेक्षा लोकगीते आणि भजने काढणारी लहान कंपनी बरी. महिनाभराने एकदा आठवण करावी, रोज फोन करू नये. आणि "अमुक हजार भरा, तुम्हाला स्टार करतो" असे कोणी म्हणाले, तर तो गाणे घेणारा नव्हे, पैसे घेणारा.

आता कागदाचे. जमिनीचे खरेदीखत करताना आपण चतुःसीमा वाचून घेतो. गाण्याच्या करारावर मात्र कौतुकाच्या भरात सही करतो. 'सर्व हक्क कायमचे' हे शब्द दिसले, की थांबा. गाणे ठरावीक मुदतीने, भाडेपट्ट्यासारखेही देता येते. हक्क लेखी आणि सहीनेच देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल, तर कायद्याने ती ५ वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. २०१२ सालच्या दुरुस्तीनंतर पद रचणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी मुंबईत १९६९ पासून आहे. तिचे सभासद होता येते.

घरातल्या जुन्या वहीकडेही बघा. जात्यावरच्या परंपरेच्या ओव्या साऱ्यांच्या आहेत, पण आजोबांनी स्वतः रचलेली पदे त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे वारसांची असतात. ती वही कोणी 'नुसती बघायला' मागितली, तर मूळ वही देऊ नका, झेरॉक्स द्या. चुलते-भाऊ, बहिणी असतील, तर त्यांना विचारल्याशिवाय सहीही करू नका.

तालुक्याच्या वकिलाला करार दाखवून मगच सही करा, दोघांच्या सह्यांची एक प्रत मागून घ्या आणि ती सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा.