मतदार तयार असतात, कीं तयार होतात?

लोकशाहीच्या राज्यांत एक आक्षेप वारंवार ऐकूं येतो. एकादी न्याय्य सुधारणा पुढें आली म्हणजे तिला उघड विरोध करणारे थोडे असतात. परंतु ‘गोष्ट चांगली आहे खरी, पण लोक अजून तयार नाहींत’ असें म्हणून ती उद्यांवर ढकलणारे पुष्कळ असतात. ह्या म्हणण्यांत तथ्य किती हें पाहावयाचें असेल, तर अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या इतिहासासारखें उदाहरण क्वचितच सांपडेल. कृष्णवर्णीय मनुष्याला राष्ट्राध्यक्ष निवडण्यास अमेरिकन मतदार तयार आहेत काय, हा प्रश्न त्या देशांत कित्येक वर्षें विचारला जात होता. ४ नोव्हेंबर २००८ रोजीं बराक ओबामा निवडून आले, आणि त्या प्रश्नाचें एक उत्तर मिळालें. तें उत्तर कसें घडलें, त्यांत काय आलें व काय आलें नाहीं, हें विद्यार्थ्यांपुढें मांडावें ह्या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहूं. अमेरिकेची राज्यघटना १७८७ सालीं तयार झाली. संस्थानांची लोकसंख्या मोजतांना पांच गुलामांबद्दल तीन माणसें धरावीं, असा नियम तिच्यांत होता. गुलामांना मत नव्हतें. परंतु त्यांच्या संख्येमुळें त्यांच्या धन्यांच्या संस्थानांस काँग्रेसमध्यें अधिक प्रतिनिधि मिळत, आणि अध्यक्ष निवडणारे निर्वाचकहि अधिक मिळत. म्हणजे अध्यक्षाच्या निवडणुकींत कृष्णवर्णीयांची गणना प्रथम झाली, ती त्यांना बांधून ठेवणाऱ्यांचें बळ वाढविण्यासाठीं.

१८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झालें व त्याच्या अखेरीस तेराव्या घटनादुरुस्तीनें गुलामगिरी बंद झाली. ह्या घटनेचे पडसाद आमच्या महाराष्ट्रांतहि उमटले. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलेलें आहे. १८७० सालीं पंधरावी दुरुस्ती झाली. वर्णामुळें कोणत्याहि नागरिकाचा मताधिकार नाकारतां येणार नाहीं, असें तिनें ठरविलें. त्याच वर्षीं मिसिसिपी संस्थानाकडून हायरम रेव्हेल्स हे सेनेटचे पहिले कृष्णवर्णीय सभासद झाले. ज्या संस्थानांत दहा वर्षांपूर्वीं माणसांची खरेदी-विक्री होत होती, तेथेंच हें घडलें.

परंतु ही स्थिति फार दिवस टिकली नाहीं. दक्षिणेकडील संस्थानांनीं कायद्याच्याच वाटेनें कृष्णवर्णीयांचीं मतें काढून घेतलीं. मिसिसिपीनें १८९० सालीं नवी घटना केली व तिच्यांत मतदारावर डोईपट्टी बसविली. शिवाय घटनेचें कलम वाचावें किंवा त्याचा अर्थ सांगावा, अशी अट घातली. अर्थ बरोबर कीं चूक हें ठरविणारा अधिकारी गोरा असे. निरक्षर गोरा मनुष्य ह्या परीक्षेंत उत्तीर्ण होई, आणि मुलांना शिकविणारा कृष्णवर्णीय शिक्षक अनुत्तीर्ण ठरे, अशीं उदाहरणें दक्षिणेंत घडलीं आहेत. शिक्षणाचा ह्याहून मोठा अपमान आम्हांस तरी सुचत नाहीं.

ही व्यवस्था सुमारें पाऊणशें वर्षें चालली. ७ मार्च १९६५ रोजीं अलाबामा संस्थानांतील सेल्मा गांवीं मताधिकारासाठीं शांतपणें निघालेल्या लोकांवर पोलिसांनीं पुलापाशीं दंडुके चालविले. त्याच वर्षीं ६ ऑगस्ट रोजीं अध्यक्ष जॉन्सन ह्यांनीं मताधिकाराच्या कायद्यावर सही केली. त्यापूर्वीं मिसिसिपींतील प्रौढ कृष्णवर्णीयांपैकीं शेकडा ७ लोकांचींहि नांवें मतदारांच्या यादींत नव्हतीं. दोन-तीन वर्षांतच तें प्रमाण शेकडा ६० च्या घरांत गेलें. एवढ्या अवकाशांत तेथील गोऱ्या लोकांचीं मनें पालटलीं, असें कोणी म्हणणार नाहीं. पालटला होता तो कायदा. आणि तो अमलांत आणण्यास मध्यवर्ती सरकारचे अधिकारी उभे होते.

मनें पालटण्याचें काम ह्याहून सावकाश चाललें होतें. तुमच्या पक्षानें योग्य असा कृष्णवर्णीय उमेदवार उभा केला तर तुम्ही त्याला मत द्याल काय, असा प्रश्न गॅलप संस्था लोकमताच्या चाचण्यांतून विचारीत आली आहे. १९५८ सालीं ‘होय’ म्हणणारे शेकडा ४० हूनहि कमी होते. शतक संपतां संपतां ते शेकडा ९० हून अधिक झाले. पण ह्या आंकड्यांवर कितपत विसंबावें? १९८२ सालीं लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय मेयर टॉम ब्रॅडली हे कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठीं उभे राहिले. चाचण्यांत ते पुढें होते; प्रत्यक्षांत थोडक्यांत हरले. तेव्हांपासून लोक तोंडानें एक सांगतात व मतपेटींत दुसरेंच टाकतात, अशी शंका राजकारणी मंडळींच्या मनांत बसली.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. ‘आमची स्वतःची हरकत नाहीं, पण शेजारी मत देणार नाहींत, मग आपलें मत फुकट कां घालवावें?’ असें म्हणणारे पुष्कळ असत. कृष्णवर्णीय मतदारांतहि ही शंका होती. २००७ सालीं त्यांच्यापैकीं अनेकांचा कल हिलरी क्लिंटन ह्यांच्याकडे होता, ह्याचें एक कारण असें कीं, गोरे लोक ओबामांना निवडून देतील हें त्यांना खरें वाटत नव्हतें. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मनाची जबाबदारी घेऊन बसला, म्हणजे स्वतःच्या मनाचा झाडा कोणासच द्यावा लागत नाहीं.

ही कोंडी एकाएकीं फुटली नाहीं. पूर्वीं जे हरले त्यांनीं ती हळूहळू सैल केली होती. १८८८ सालीं रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनांत फ्रेडरिक डग्लस ह्यांच्या नांवानें एकच मत पडलें. डग्लस हे जन्मानें गुलाम होते. १९७२ सालीं ब्रुकलिनच्या शर्ली चिझम डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागण्यास पुढें आल्या. त्या पेशानें बालशिक्षिका होत्या, आणि काँग्रेसमध्यें निवडून गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत्या. त्यांस अवघ्या १५२ प्रतिनिधींचीं मतें मिळालीं. पुढें १९८४ व १९८८ सालीं रेव्हरंड जेसी जॅक्सन उभे राहिले, व दुसऱ्या खेपेस त्यांना सत्तर लाखांच्या आसपास मतें पडलीं. उमेदवारी त्यांनाहि मिळाली नाहीं. परंतु त्यांच्या आग्रहामुळें पक्षाचा नियम बदलला, आणि प्रत्येक संस्थानांत मतांच्या प्रमाणांत प्रतिनिधि मिळूं लागले. वीस वर्षांनीं चुरशीच्या लढतींत ओबामांना ह्याच नियमाचा मोठा उपयोग झाला. हरलेल्या मनुष्यानें रस्ता बांधला, आणि त्यावरून दुसरा चालत गेला.

ओबामांचा जन्म १९६१ सालीं हवाई बेटांत झाला. वडील केनियाचे, आई कॅन्सासची गोरी. त्या वेळीं गोऱ्या व काळ्यांमधील विवाह व्हर्जिनियासारख्या कित्येक संस्थानांत गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयानें ते कायदे १९६७ सालीं रद्द केले. अशा विवाहाचा हा मुलगा ३ जानेवारी २००८ रोजीं आयोवांतील पक्षसभांत पहिला आला. त्या संस्थानांत त्या वेळीं शेकडा ९० हून अधिक वस्ती गोऱ्या लोकांची होती. त्या रात्रीं ‘शेजारी मत देणार नाहीं’ ह्या शंकेचें पुष्कळसें निरसन झालें. त्याच महिन्यांत दक्षिण कॅरोलिनांतील कृष्णवर्णीय मतदारांनीं ओबामांना भरघोस पाठिंबा दिला.

येथें अमेरिकन निवडणुकीची रीति ध्यानांत घेतली पाहिजे. अध्यक्षाची निवड साऱ्या देशाच्या मतांच्या बेरजेनें होत नाहीं. एकंदर ५३८ निर्वाचक असतात व त्यांपैकीं २७० मिळवावे लागतात. बहुतेक संस्थानांत ज्याला अधिक मतें त्याला तेथील सर्व निर्वाचक मिळतात. म्हणून ‘सारा देश तयार आहे काय’ हा प्रश्नच नीट मांडलेला नाहीं. पुरेशा संस्थानांत पुरेसे मतदार त्या वर्षीं त्या मनुष्याला मत देतील काय, हा खरा प्रश्न. २००८ सालीं इराकच्या युद्धानें लोक कंटाळले होते. सप्टेंबरांत लेहमन ब्रदर्स ही मोठी पेढी बुडाली व घरोघर नोकरीची आणि कर्जाची चिंता पसरली. अशा वेळीं पुष्कळांनीं उमेदवाराच्या वर्णापेक्षां संकटांतून मार्ग कोण काढील हें पाहिलें. ओबामांना ३६५ निर्वाचक मिळाले, त्यांत व्हर्जिनियाचे १३ होते. ज्या संस्थानानें त्यांच्या आईबापांचा विवाह गुन्हा मानला असता, त्यानेंच त्यांना अध्यक्ष होण्यास मत दिलें. २०१२ सालीं ३३२ निर्वाचकांच्या पाठिंब्यानें ते पुन्हा निवडून आले.

परंतु ह्यावरून अमेरिकेंतील वर्णभेद संपला असें समजणें चुकीचें होईल. २००८ सालीं मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या चाचणीप्रमाणें गोऱ्या मतदारांपैकीं शेकडा ४३ ओबामांच्या बाजूस होते. चार वर्षांपूर्वीं त्याच पक्षाच्या गोऱ्या उमेदवाराला मिळालेल्या प्रमाणाहून हें थोडें अधिकच होय. तथापि अलाबामांत तेंच प्रमाण दहांत एक इतकेंच होतें. अध्यक्ष झाल्यावरहि ते अमेरिकेंत जन्मलेच नाहींत अशी खोटी वदंता पसरविली गेली, आणि २०११ सालीं त्यांना आपला सविस्तर जन्मदाखला प्रसिद्ध करावा लागला. २०१३ सालीं तर सर्वोच्च न्यायालयानें १९६५ च्या कायद्याचा एक मुख्य आधार काढून घेतला. पूर्वीं भेदभाव केलेल्या संस्थानांना व जिल्ह्यांना मतदानाचे नियम बदलण्यापूर्वीं मध्यवर्ती सरकारची संमति घ्यावी लागे. ती कोणास घ्यावी लागेल हें ठरविणारें कलम न्यायालयानें रद्द केलें. कृष्णवर्णीय मनुष्य सर्वोच्च पदीं बसला असतांनाच सामान्य कृष्णवर्णीय मतदाराचें संरक्षण कमी झालें, हें विसरतां कामा नये.

२०२४ सालीं कमला हॅरिस अध्यक्षपदासाठीं उभ्या राहिल्या. त्यांचे वडील जमेकाचे व आई भारतांतून गेलेली. त्यांना २२६ निर्वाचक मिळाले, प्रतिपक्षी डोनाल्ड ट्रम्प ह्यांना ३१२. तेव्हां ‘देश तयार नव्हता’ हे शब्द पुन्हा ऐकूं आले. महागाई, पूर्वीच्या कारभाराविषयीं नाराजी, प्रचाराला मिळालेला अल्प अवधि, अशीं अनेक कारणें त्या पराभवाचीं सांगतां येतील. वर्ण व स्त्रीत्व ह्यांचाहि वांटा त्यांत असेल. पण एका पराजयानें तयारीचा अभाव सिद्ध होत नाहीं, आणि एका विजयानें तयारी कायमची होत नाहीं. कॅथॉलिक उमेदवार अल स्मिथ १९२८ सालीं मोठ्या फरकानें हरले. १९६० सालीं कॅथॉलिक केनेडी निवडून आले. मधल्या बत्तीस वर्षांत लोक आपोआप तयार झाले नाहींत; पुन्हा उभे राहणारा कोणी निघाला म्हणून त्यांची तयारी कळून आली.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेक जण थोड्याच वर्षांत मतदार होतील. कांहीं जण पंच, सभासद किंवा अधिकारी होतील. ‘लोक तयार नाहींत’ हें वाक्य त्यांच्या कानीं गांवच्या सभेंत पडेल, घरांत पडेल, आणि कदाचित् त्यांच्याच तोंडीं येईल. तेव्हां त्यांनीं दोन गोष्टी विचाराव्या: ज्यांच्याविषयीं आपण बोलत आहों त्या लोकांना कोणी खरोखर विचारलें आहे काय? आणि त्या लोकांत आपण स्वतः मोडतों कीं नाहीं? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तरी प्रत्येकाला शेजाऱ्याकडे न पाहतां देतां येण्यासारखें आहे.