मोडीत निघालेल्या घराचे संग्रहालय

पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रे आहेत, वाद्ये आहेत, कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही आहे. पण या संग्रहालयाचे खरे मोल अडकित्ते, वज्र्या, दौती, कुलपे आणि दिवे यांत आहे. एखादा अडकित्ता म्हणजे फार तर कुणाच्या आजोबांची आठवण. तेच अडकित्ते ओळीने मांडले की खीळ कुठे बसवली, मूठ किती वाकवली, मोर किंवा घोडा घडवताना कारागिराने सुपारी फोडण्याच्या मूळ कामाशी कुठे तडजोड केली, हे डोळ्यांना आपोआप दिसू लागते. टाचा घासायच्या वज्रीवर पक्षी बसवणाऱ्याला तो कुणी कपाटात ठेवून बघणार आहे असे वाटले नसणार. एकेका वस्तूच्या दुर्मिळपणापेक्षा एकाच वस्तूच्या अनेक रूपांना मान देणारी ही दृष्टी पुराणवस्तूंच्या छंदाची सर्वांत मोठी देणगी आहे, आणि ती अभ्यासकांआधी छंदिष्टांना सुचली, असे माझे मत आहे.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव पुढे संग्रहाला दिले. त्या काळी पुरातत्त्वाचे लक्ष लेणी, शिलालेख, नाणी आणि किल्ल्यांवर होते. स्वयंपाकघर आणि माजघर हा इतिहासाचा प्रांतच नव्हता. घरात नवे भांडे आले की जुने पितळ मोडीत जाई आणि वितळून त्याचे आणखी काहीतरी होई. नंतर तर वाडेच पडू लागले. १२ जुलै १९६१ला पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुराने तर पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांची दुर्दशाच केली. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, केळकरांनी आपला संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. आज तेथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांतल्या सुमारे अडीच हजारच मांडलेल्या असतात. (उरलेल्यांचा विचार मनात आला की जागेच्या टंचाईचा राग येतो.)

अशा संग्रहावर पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप रास्त आहे: घरातून उचललेली वस्तू मुकी होते. समई कोणत्या गावची, कोणत्या कोनाड्यातली, कुणाच्या लग्नात आलेली, हे गेले की उरते ते नुसते पितळ. पण इथे दोन प्रकारच्या वस्तूंची गल्लत होते. जमिनीत पुरलेल्या नाण्यांचा सगळा अर्थ ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडली यात असतो. धातुशोधक यंत्र घेऊन शेत उकरणारा हौशी तो पुरावाच नष्ट करतो. १८७८च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, ते तो बहुतेकदा विसरतो. अडकित्त्याची गोष्ट वेगळी. त्याची बरीचशी हकिगत त्याच्या अंगावरच असते: झिजलेली धार, बदललेली खीळ, हाताने गुळगुळीत झालेली मूठ. शिवाय त्याच्यापुढे पर्याय जागच्या जागी राहण्याचा नव्हता, भट्टीचा होता.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. गिऱ्हाईक आले की माल येतो; कोरीव दारांना भाव आल्यावर धडधाकट वाड्यांची दारेही निघतात आणि देवळातल्या मूर्तीही सुरक्षित राहत नाहीत. याला छंदाच्या पुण्याईचे उत्तर पुरत नाही. १९७२चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांच्या वस्तूंना आणि पंचाहत्तर वर्षांच्या हस्तलिखितांना लागू होतो, ठरावीक प्रकारांची नोंदणी सक्तीची करतो आणि खासगी निर्यात रोखतो. तो पाळणे ही किमान अट झाली. त्यापलीकडे छंदिष्टाने जे मोडीत निघाले आहे तेवढेच घ्यावे, घेतले त्याच दिवशी गाव, घर आणि देणाऱ्याने सांगितलेला वापर वहीत लिहावा, आणि देवाला हात लावू नये.

तसे पाहिले तर शिकारीला अजून भरपूर रान आहे. शंभर वर्षे न भरलेल्या वस्तूंना कायदाही विचारत नाही आणि संग्रहालयेही: पंपाचा स्टोव्ह, व्हॉल्व्हचा रेडिओ, न्हाणीघरातला तांब्याचा बंब. बंब भंगारवाल्याकडे पोहोचतो तोवर त्याची तोटी बहुधा वेगळी विकली गेलेली असते.